जर्मनीतलं ‘टायर हॉटेल’ : पैसे वसूल, पण गॅरेज पारखून घ्या

हिवाळी-उन्हाळी चाकं बदलून देणं आणि उतरवलेला सेट पुढच्या हंगामापर्यंत सांभाळणं, ही सेवा जर्मनीत ‘राइफनहोटेल’ म्हणून मिळते. तळघर नसलेल्या फ्लॅटवाल्यांनी जरूर घ्यावी, मात्र रिमसकट दोन सेट असतील तरच. दर वेळी रिमवरून टायर उतरवले-चढवले की बॅलन्सिंगचा खर्च वाढतो आणि टायरची कड दुखावण्याची भीती असते.

गॅरेजची पारख हबपाशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागापाशी होते. तिथला गंज तारेच्या ब्रशने काढायलाच हवा. राहिला तर चाक सपाट बसत नाही आणि बोल्ट सैल पडतात. नुसत्या इम्पॅक्ट गनने (धक्के देत आवळणाऱ्या यंत्राने) बोल्ट आवळून गाडी हाती देणारं गॅरेज सरळ टाळा. शेवटचा आवळ टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. साधारण ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी. ती फुकट करून देणारे चांगले.

पावतीवर प्रत्येक चाकाची जागा आणि टायरवरच्या खाचांची खोली लिहून घ्या. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण ४ च्या खाली बर्फावरची पकड झपाट्याने घटते. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायरवर नुसतं ‘एम+एस’ (चिखल-बर्फासाठीची खूण) चालत नाही, डोंगर-हिमकणाचं चिन्ह लागतं. पहिल्या बर्फाला रांगा लागतात. वेळ सप्टेंबरातच ठरवा.