‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’: पहिली आवृत्ती की सहावी? आठ महिन्यांच्या वापरानंतर

डार्विनच्या हयातीत या पुस्तकाच्या सहा इंग्रजी आवृत्त्या निघाल्या, १८५९ ते १८७२. स्वस्त पुनर्मुद्रणांत बऱ्याचदा सहावी असते आणि तसं कुठे छापलेलंही नसतं. दोन्ही शेजारी ठेवून आठ महिने वापरल्यावर मत पक्कं आहे: वाचायला पहिलीच घ्या, सहावी संदर्भापुरती.

ओळखायचं कसं? अनुक्रमणिकेत पंधरा प्रकरणं दिसली तर सहावी. जीवशास्त्रज्ञ मिव्हार्ट वगैरे टीकाकारांच्या आक्षेपांना उत्तर म्हणून सातवं प्रकरण तिथे नव्याने घातलंय. चौदा असतील तर पुस्तकाचं शेवटचं वाक्य बघा. त्यात ‘बाय द क्रिएटर’ (निर्मात्याकडून) असेल तर ती पहिली नव्हे. हे शब्द १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत आले.

पहिलीत युक्तिवाद सलग चालतो आणि डार्विन धीटपणे लिहितो. दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड खोऱ्याची झीज व्हायला ३० कोटी वर्षं लागली असावीत, असा हिशेब तिथे मांडलेला आहे. टीका झाली आणि तिसऱ्या आवृत्तीपासून तो गेला. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (जो सर्वांत योग्य तो टिकतो) हा तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा शब्दप्रयोग तर १८६९ च्या पाचवीत आला. तो पहिलीत शोधत बसू नका.

सहावी लागते ती ‘हिस्टॉरिकल स्केच’साठी. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कपासूनच्या पूर्वसुरींचा हा आढावा इंग्रजीत तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. जहाजांच्या लाकडावरच्या १८३१ च्या पुस्तकात नैसर्गिक निवडीची कल्पना मांडून ठेवणारा पॅट्रिक मॅथ्यू इथेच भेटतो.

प्रत घेण्याआधी चौथ्या प्रकरणातला तक्ता जरूर तपासा; जुन्या जातींपासून फांद्यांसारख्या नव्या जाती कशा फुटतात ते तो दाखवतो. अख्ख्या पुस्तकात आकृती एवढी एकच. खाली ए ते एल अशा अकरा जाती (जे हे अक्षर वगळलंय), वर चौदा आडव्या रेघा, दर दोन रेघांत हजार पिढ्या. माथ्यावर पंधरा जाती उरतात: आठ ए-पासून निघालेल्या, सहा आय-पासून, एक एफ-पासून. हे मोजून बघितल्याशिवाय प्रकरण डोक्यात बसत नाही. स्वस्त प्रतींत मूळचा घडीचा तक्ता अर्ध्या पानात कोंबतात, अक्षरांवरचे बारीक आकडे पुसट होतात आणि मजकुरात तेच आकडे अक्षरांना चिकटून ओळीत उतरतात. आय (I) हे अक्षर आणि एक (1) हा आकडा यांत तर फरकच कळत नाही. अशी प्रत गळ्यात पडलीच तर मूळ तक्त्याचं स्कॅन ए-थ्री कागदावर छापून घ्या आणि प्रकरण वाचताना शेजारी उघडं ठेवा.