ओक, मेपल, चेरी: स्वयंपाकघरातल्या कपाटांचे सगळे ऋतू पाहिल्यानंतर

सुतारानं आधी समोर ठेवला तो कठीणपणाचा तक्ता. हार्ड मेपल १४५०, व्हाइट ओक १३६०, अक्रोड १०१०, चेरी ९५०. हे आकडे जान्का चाचणीचे. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती पौंड जोर लागतो, एवढंच त्यातून कळतं. जमिनीच्या फळ्यांसाठी ते कामाचं आहे, पण कपाटाच्या उभ्या पल्ल्यावर कुणी टाचांच्या चपला घालून चालत नाही. कोरडे आणि दमट दोन्ही महिने काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: स्वयंपाकघरात लाकडाचा कस लागतो तो पाण्यानं, तेलकट हातांनी, उजेडानं आणि हवेतल्या ओलाव्यानं. ठोके-पोचे फार नंतर येतात.

आमच्याकडे खालची कपाटं व्हाइट ओकची आहेत, भिंतीवरची चेरीची, आणि ड्रॉवरचे आतले खोके मेपलचे. सांगाडा सगळीकडे प्लायवूडचा. "एवढं महागाचं लाकूड आणि आत प्लाय?" असं विचारणारे भेटतात. रुंद भरीव फळ्यांचा सांगाडा ऋतूप्रमाणे हलतो आणि बिजागऱ्यांची रेषा बिघडवतो, म्हणून तिथे प्लायच बरा.

रेड ओक की व्हाइट, यावर मात्र बराच खल झाला. रेड ओकची छिद्रं इतकी मोकळी असतात की छोटा तुकडा पाण्यात धरून वरच्या टोकानं फुंकलं तर खाली बुडबुडे येतात. व्हाइट ओकच्या गाभ्यातली छिद्रं झाडानंच बुजवलेली असतात, म्हणून तर दारूची पिंपं त्याची करतात. सिंकखालच्या पल्ल्यांना रोज पाण्याचे शिंतोडे बसतात, तरी ते फुगलेले नाहीत. त्रास झाला तो वेगळाच. एका पल्ल्याच्या वरच्या कडेचं तेल झिजलं होतं आणि नेमकी तिथेच पोलादी तारेची ओली घासणी रात्रभर टेकून राहिली. सकाळी निळसर काळा डाग! ओकमधलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की हे ठरलेलंच. जुन्या काळची शाई याच रसायनावर बनायची. हलकं घासून ऑक्झॅलिक ॲसिड लावल्यावर डाग गेला, मग धुऊन, नीट वाळवून पुन्हा तेल दिलं. हातमोजे घालून करायचं काम आहे हे.

शेगडीशेजारी ओकची दुसरी खोड कळते. त्याच्या रेषांत बारीक खाचा असतात आणि तेलकट वाफेचा थर धुळीसकट तिथे बसतो. फडकं वरून निघून जातं, खाचेत शिरत नाही. मऊ ब्रश घ्यायचा आणि रेषेच्या दिशेनं फिरवायचा. मेपलचे खोके मात्र एका हातात लख्ख होतात, इतका त्याचा पोत बंद आहे. मग पल्लेही मेपलचेच का नाही केले? रंगासाठी. आम्हाला जरा गडद छटा हवी होती आणि मेपल स्टेन, म्हणजे लाकडाला द्यायचा रंग, सगळीकडे सारखा पीत नाही, कुठे जास्त तर कुठे कमी, त्यामुळे ढगाळ चट्टे उमटतात. नैसर्गिक फिकट रंग चालणार असेल तर मेपलच्या वाटेला खुशाल जा.

चेरीनं सगळ्यात जास्त करमणूक केली. बसवली तेव्हा फिकट गुलाबी होती, आता तांबूस तपकिरी झालीय, आणि हे सगळं उजेडाचं काम. एका पल्ल्यावर वेळापत्रकाचा कागद चिकटवला होता, तो काढला तर खाली स्वच्छ फिकट चौकोन. तोही हळूहळू मिसळत चाललाय. अक्रोडाचं नेमकं उलट असतं, ते उजेडात फिकं पडत जातं. त्यामुळे नमुना बघताना ताजा रंधलेला तुकडा आणि जुना तुकडा, दोन्ही मागा. नुसता ताजा तुकडा पाहून रंग ठरवण्यात अर्थ नाही.

आता खरा मुद्दा: लाकडाची हालचाल. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. चाळीस सेंटीमीटर रुंद, सपाट चिरलेल्या व्हाइट ओकमधला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर जवळपास ६ मिलिमीटर फरक पडतो. क्वार्टर सॉन, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं चिरलेला घेतला तर साधारण निम्मा. म्हणून पल्ल्याची चौकट वेगळी आणि मधलं पॅनेल खाचेत गोंदाशिवाय मोकळं ठेवतात. कोरड्या महिन्यांत आमच्या चेरीच्या पॅनेलच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी फिकट रेघ दिसू लागली. त्यात पॉलिशचा दोष नाही. खाचेत दडलेल्या पट्टीला उजेडच लागला नव्हता, आकसल्यावर ती बाहेर आली, इतकंच.

सांगाड्याच्या तोंडावरच्या चौकटीच्या आत बसणारे पल्ले हवे असतील तर जरा थांबून विचार करा. पल्ल्याच्या स्वतःच्या चौकटीतल्या सहा सेंटीमीटर रुंद दोन उभ्या पट्ट्या मिळून तेवढ्याच ओलाव्याच्या फरकाला पावणेदोन मिलिमीटर फुगू शकतात, आणि फट दोन मिलिमीटरची ठेवली की दमट दिवसांत पल्ला घासलाच म्हणून समजा. आमचे पल्ले सांगाड्यावर चढणारे आहेत, ही कटकट नाही. दिसायला मात्र आतले पल्ले देखणे, हे मान्य.

फिनिशसाठी तेल-मेण घेतलं. पॉलियुरेथेन, म्हणजे वर थर धरणारं वॉर्निश, पाण्याला जास्त दाद देत नाही, पण एका जागी उडालं की तेवढीच दुरुस्ती सफाईनं जमत नाही. तेलाचं तसं नाही, खराब जागा घासा आणि पुसून लावा. सिंकजवळच्या कडांना ते पुन्हा लावावं लागलं, बाकी पल्ल्यांना अजून नाही. फक्त तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं वाळताना तापतात आणि तो बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आम्ही ती बाहेर एकेक पसरून वाळवतो, मगच कचऱ्यात.