रेल्वेचा जुना मॅग्नेटो फोन: म्हापशातील खरेदीची पारख

म्हापशाच्या बाजारपेठेत जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानातून रेल्वेचा हाताने दांडी फिरवायचा दूरध्वनी मी अलीकडे सहा हजार रुपयांना विकत घेतला. त्यावर ‘पोर्तुगीज रेल्वेचा तारायंत्र-फोन’ अशी चिठ्ठी लावलेली होती आणि सांगितलेली किंमत साडेसात हजार होती. वस्तू घेण्याजोगी आहे, परंतु त्या चिठ्ठीवर विसंबून नव्हे, हे आधीच नमूद करतो.

चिठ्ठीतील दोन्ही दावे टिकत नाहीत. तारायंत्र म्हणावे तर त्याला कळ हवी आणि समोरचे ठोके ऐकवणारा खटका हवा. यात त्यांपैकी काहीच नाही, केवळ बोलण्याचा संच आहे. पोर्तुगीज काळाचे म्हणावे, तर तळाच्या पत्र्यावर बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची मोहोर स्पष्ट आहे आणि तो कारखाना १९४८ साली निघाला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर आणि कॅसलरॉक यांना जोडणारा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात उभा राहिला, १९५५ मध्ये सरहद्दीवरची वाहतूक थांबली आणि १९६१ च्या गोवामुक्तीनंतर तो मार्ग भारतीय रेल्वेत आला. हा क्रम लक्षात घेता हा संच मुक्तीनंतरचा असण्याचीच शक्यता अधिक. दुकानदारांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “पर्यटक पोर्तुगीज म्हटल्यावरच हात घालतात, साहेब.” उत्तर प्रामाणिक होते, चिठ्ठी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

आता संचाच्या अवस्थेविषयी. बॅकेलाइटचा काळा रिसीव्हर शाबूत आहे, वजनदार आहे आणि त्याच्या कानाकडील टोपीचे आटे अजून गुळगुळीत फिरतात. आतल्या नालाकार चुंबकांची जोडी मूळची असून दांडी जोरात फिरवल्यास दुसऱ्या टोकाची घंटा खणखणीत वाजते. दांडीने फिरणाऱ्या या चुंबकी जनित्रातून, म्हणजेच मॅग्नेटोतून, पाऊणशे व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती (एसी) दाब निघतो, म्हणून उघड्या टोकांना हात लावून दांडी फिरवू नये, झटका चांगलाच बसतो. बोलण्यासाठी लागणारी वीज वेगळी, ती दीड व्होल्टच्या दोन सुक्या सेलमधून मिळते, आणि दुकानदारांनी त्यासाठी नवी डबी नीट बसवून दिली आहे. झाकणाच्या आत चिकटवलेला जोडणीचा कागदी नकाशा त्यांनी जपला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नाराजी आहे ती पॉलिशबद्दल. बाजूच्या लाकडावर पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली अक्षरे होती, त्यांतील ‘ब्लॉक’ एवढाच शब्द आता तिरप्या उजेडात दिसतो. बाकी सारे घासून, वर चकचकीत वॉर्निश फासून नाहीसे केले आहे. स्थानकाचे नाव तिथेच असणार. ज्या खुणेमुळे वस्तूला किंमत येते तीच खूण साफसफाईत गेली.

‘ब्लॉक’ या शब्दाचे वजन रेल्वेबाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ब्लॉक म्हणजे दोन स्थानकांमधला रुळाचा असा टप्पा, की ज्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. गाडी धावू लागली तेव्हा तिच्यापेक्षा वेगाने तिची बातमी पुढे पाठवण्याचे साधनच नव्हते, आणि म्हणून तारायंत्राला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते रेल्वेचे. कुक आणि व्हीटस्टन या इंग्रज संशोधकांनी १८३७ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ प्रयोग केले आणि १८३९ मध्ये पॅडिंग्टन ते वेस्ट ड्रेटन अशी तार ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर चालू झाली. लोकांच्या मनात मात्र ती भरली १८४५ साली, जेव्हा स्लाउहून गाडीने निसटलेल्या जॉन टॉवेल या खुन्याचे वर्णन तारेने त्याच्याआधी लंडनला पोहोचले. आपल्याकडे ओशॉनेसी यांनी कलकत्त्याजवळ तार टाकली आणि १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली; रूळ आणि तार ही दोन्ही कामे या देशात एकाच पिढीत वाढली.

एकेरी मार्गावर खरा प्रश्न असतो तो समोरून गाडी सुटली आहे की नाही, हाच. केवळ तारेवर विसंबल्यास काय होते, ते इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळच्या थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी दिसले: निरोपाच्या घोळात दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या, समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे गेली. त्या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी असे यंत्र तयार केले की दोन्ही स्थानकांच्या सहकार्याशिवाय चकती बाहेरच येऊ नये, आणि ती चकती हातात असल्याशिवाय चालकाने गाडी हलवू नये. भारतात याच तत्त्वावरचे नील यांचे टोकन यंत्र फार ठिकाणी चालले. त्यातून लोखंडी गोळा निघे, आणि तो वेताच्या मोठ्या कडीला अडकवून चालत्या गाडीत दिला-घेतला जाताना अनेकांनी पाहिला असेल. घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी विचारणा होई, ठोक्यांनीच उत्तर येई, आणि गाडीचा क्रमांक, उशीर, क्रॉसिंग असे बाकीचे बोलणे होई ते याच जातीच्या फोनवरून. कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणाऱ्या ब्रागांझा घाटात ३७ ला १ असा चढ आहे, पावसाळ्यात दरडी येतात, धुके उतरते. अशा ठिकाणी शेजारच्या स्थानकातला मास्तर काय म्हणाला, ते नीट ऐकू येणे ही चैनीची बाब नव्हती.

पुढे विभागातील सर्व स्थानके एकाच तारेवर आणून एका जागेवरून गाड्यांचे नियंत्रण करणारी कंट्रोलची व्यवस्था आली आणि मास्तरांच्या कानाशी कंट्रोलरचा आवाज कायमचा बसला. उघड्या तारा आणि खांब गेले त्याला एक कारण विद्युतीकरण: २५ किलोव्होल्टच्या वाहिनीशेजारी लांबवर नेलेल्या उघड्या तारेत धोकादायक दाब उत्पन्न होतो, म्हणून बोलणे जमिनीखालच्या केबलीत आणि पुढे प्रकाशतंतूंत गेले. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रुळालगत साधारण किलोमीटरभराच्या अंतराने आपत्कालीन फोन जोडण्याची सोय असते, हे खिडकीत बसणाऱ्या प्रवाशांना ठाऊक नसते. सर्वसामान्यांची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. रेल्वेच्या या फोनांना तसा निरोप कोणी दिला नाही, ते भंगाराच्या लिलावातून असे बाजारात आले.

वापराविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. हा संच घरच्या दूरध्वनीच्या वाहिनीला जोडून चालत नाही, कारण त्याला नंबर फिरवण्याची तबकडीच नाही. दोन संच घेऊन मध्ये साधी दोन तारांची जोडी टाकली की वरच्या मजल्यावरून अंगणात उत्तम बोलता येते. आवाज खरखरीत झाला तर रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटावा, तोंडाकडील डबीतील कार्बनचे कण मोकळे होतात आणि आवाज उघडतो. दुकानातील सेवा सभ्य आहे, वस्तू उघडून पाहू देतात, वेष्टन चांगले करून देतात. लेखी पावती मात्र मागावी लागली.

दुकानाच्या मागच्या खोलीत पॉलिश न केलेला दुसरा संच पडून आहे, त्याची दांडी वाकलेली आहे आणि त्याचे चार हजार सांगतात. घ्यायचाच असेल तर तोच घ्यावा, वॉर्निश लावू देऊ नये, आणि दांडी एखाद्या लेथवाल्याकडून सरळ करून घ्यावी. पॉलिश केलेला एकटा संच सहा हजारांना महागच आहे.