पोटाच्या डायलिसिसची नळी: सुईने, चीर देऊन की दुर्बिणीने?

पोटाचं डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात औषधी पाणी सोडायचं आणि रक्तातली घाण घेऊन ते परत बाहेर काढायचं. ते करायचं ठरलं की लगेच प्रश्न येतो, नळी कशी बसवून घ्यायची? घरी डायलिसिस कसं करायचं हे मी रुग्णांना शिकवते. त्यातले बरेच जण विचारतात, "सगळ्यात आधुनिक पद्धत कुठली?" मी आधी एवढंच विचारते, "पोटाचं ऑपरेशन झालंय का कधी?" निम्मा निर्णय त्या उत्तरातच असतो.

नळी बहुतेक वेळा एकाच घराण्यातली. डॉक्टर हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही सिलिकॉनची मऊ नळी, तिच्यावर धाग्यांचे दोन कफ, म्हणजे नळीभोवतीचे छोटे पट्टे. आतला कफ पोटाच्या स्नायूत बसतो, बाहेरचा कातडीखाली, आणि मांस त्यांच्यात रुजलं की नळी घट्ट धरली जाते. तिचं टोक खाली ओटीपोटात राहायला हवं. पद्धत कुठलीही असो, साधायचं हेच. फरक पडतो तो डॉक्टरांना आतलं किती दिसतं यात.

सुईच्या पद्धतीत तेवढ्या जागेपुरती भूल देतात. सुईवाटे पोटात तार सरकवतात आणि तारेच्या वाटेने नळी बसवतात, सोबतीला सोनोग्राफी किंवा एक्स-रे. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, स्वतः हे करू शकतात, त्यामुळे ऑपरेशन थिएटरच्या तारखेसाठी थांबावं लागत नाही. हृदय कमजोर आहे, पूर्ण भूल झेपणार नाही, अशा माणसाला ही पद्धत मोठा आधार आहे. पण आतडी कुठे चिकटली असतील तर ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि सुई आतड्याला लागू शकते. म्हणून पोटावर जुने मोठे व्रण असतील तर मी तरी हिचा आग्रह धरणार नाही.

चीर देऊन नळी बसवणं ही जुनी, सरळ पद्धत. सर्जन थर उघडून पोटाचं आतलं आवरण समोर बघतात, नळी आत सोडतात आणि भोवती टाका आवळतात. खास यंत्रं लागत नाहीत. टोक मात्र अंदाजानेच खाली सरकवावं लागतं.

दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात गॅस भरतात, त्यामुळे सहसा पूर्ण भूल लागते. त्या बदल्यात बरंच मिळतं. पाणी आत नीट जातं, पण बाहेर येत नाही, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. कधी बद्धकोष्ठता असते, कधी टोक वर सरकलेलं असतं, तर कधी ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पदर, नळीला गुंडाळलेला असतो. दुर्बिणीतून सर्जन हा पदर वर टाकून ठेवू शकतात, चिकटलेली आतडी सोडवू शकतात, आणि नळी स्नायूच्या आवरणातून तिरक्या बोगद्याने नेऊ शकतात, म्हणजे टोक सहसा जागा सोडत नाही. हर्निया असेल तर तोही बरेचदा त्याच वेळी दुरुस्त होतो. पण दुर्बीण घालून नुसतं बघितलं आणि यातलं काहीच केलं नाही, तर चीर देण्यापेक्षा फारसा फायदा होत नाही. तेव्हा सर्जनना स्पष्ट विचारा, "बोगदा करणार का? ओमेंटम लांब निघाला तर काय करणार?" आणि अशा किती नळ्या त्यांनी बसवल्यात, हेही विचारा. मला तर पद्धतीच्या नावापेक्षा बसवणारा हात महत्त्वाचा वाटतो. रोज सुईने बसवणारा डॉक्टर क्वचित दुर्बीण धरणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

नळी बसल्यावर शक्यतो दोन आठवडे तिला विश्रांती द्यावी, नाहीतर कडेने पाणी झिरपतं. घाईच असेल तर झोपून, थोडं थोडं पाणी घालून सुरुवात करता येते. आदल्या दिवशी पोट साफ, जाताना लघवी करून मूत्राशय रिकामं, आणि आधी प्रतिजैविकाचा एक डोस, हे तिन्हींत सारखंच.

आणि एक गोष्ट आदल्या दिवशीच करून घ्या: नळी बाहेर पडायची जागा पेनाने आखून. रुग्ण झोपलेला असताना ठीक वाटलेली खूण तो उठून बसला की पोटाच्या घडीत गडप होते, नाहीतर नेमकी कमरपट्ट्याखाली येते. एका स्थूल गृहस्थांची खूण आम्ही तीनदा पुसली. चौथ्यांदा ते खुर्चीत बसले, मान खाली घातली आणि म्हणाले, "हां, आता माझी मला दिसतेय." तीच खूण ठेवली.