आधी आराखडा की थेट लेखन?

परीक्षेतील निबंधाला हात घालण्याचे दोन मार्ग आहेत: पहिली काही मिनिटे आराखड्यावर खर्च करून मग लिहावयास बसणे, किंवा विषय वाचताच थेट उत्तरपत्रिकेवर लेखणी टेकवणे. थेट लेखनाची बाजू अगदीच लंगडी नाही. वर्णनात्मक किंवा आत्मवृत्तपर विषयात पहिल्या वाक्याचा ओघ पुढची वाक्ये ओढून आणतो आणि आखीव मुद्द्यांत सहसा न सापडणारा जिवंतपणा लेखनात येतो. वैचारिक विषयात मात्र हाच ओघ घात करतो. ‘यंत्रमानव: शाप की वरदान?’ असा विषय समोर असता थेट लिहू लागलेला विद्यार्थी वरदानाचे गुण गाण्यातच दीड पान भरतो आणि वेळ संपत आल्यावर ‘परंतु प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ असे म्हणून शाप दोन ओळींत उरकतो; ढळलेला हा तोल परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. याउलट कच्च्या कामाच्या पानावर ‘धोक्याची कामे, अचूकता, रोजगार, चूक झाल्यास जबाबदारी कोणाची’ एवढेच टिपून त्यांचा क्रम लावणाऱ्याला कोणता परिच्छेद कोठे थांबवायचा हे ठाऊक असते, आणि समारोप आधीच मनात असल्याने त्याचा निबंध अधांतरी सुटत नाही. अर्थात आराखड्याचाही अतिरेक होतो. सुवाच्य अक्षरात उपमुद्दे सजवत बसणारे (असे विद्यार्थी असतात) वेळ तेथेच गमावतात. 40 मिनिटांच्या निबंधासाठी 5 मिनिटांचे टिपण पुरेसे आहे. कथालेखनात तर केवळ शेवट ठरलेला असला तरी भागते.