अमेरिकेतलं वैद्यकीय ग्रंथालयांचं जाळं: कुठे भक्कम, कुठे विरळ

वॉर्डातल्या डॉक्टरला एक लेख हवा असतो. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर, गोषवारा दिसतो, पण पूर्ण मजकूर उघडायला गेलं की पैसे भरायचं पान समोर येतं, आणि रुग्णालयाच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नसतं. अमेरिकेत अशा वेळी कामाला येतं ते नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाचं प्रादेशिक जाळं. १९६५ च्या मेडिकल लायब्ररी असिस्टन्स कायद्यातून ते उभं राहिलं. २०२१ मध्ये देशाचे ७ विभाग पाडले गेले आणि प्रत्येक विभागाचं काम एका विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाकडे सोपवलं गेलं. पॅसिफिक किनारा वॉशिंग्टन विद्यापीठाकडे आला, तर न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंड मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे. संस्थेला सदस्यत्व मोफत मिळतं. नुसतं सदस्य होऊन मात्र फारसं हाती लागत नाही.

या जाळ्याचा सगळ्यात भक्कम धागा म्हणजे डॉकलाइन, ग्रंथालयांनी एकमेकांना लेख पाठवण्याची १९८५ पासूनची व्यवस्था. ग्रंथपाल लेखाचा पबमेड क्रमांक टाकतो आणि लेखक, खंड, पानं आपोआप भरली जातात. ते नियतकालिक, तेही नेमक्या त्या वर्षाचं, कोणाकडे आहे हे यंत्रणा नोंदीत पाहते आणि आपल्या ग्रंथालयाने आधी ठरवून ठेवलेल्या पसंतीक्रमाने विनंती पाठवते. पहिल्याने नकार दिला किंवा ठरलेल्या वेळेत हालचाल केली नाही, तर विनंती आपसूक पुढच्याकडे सरकते, कोणाला फोन करत बसावं लागत नाही. फ्रीशेअर गटातली ग्रंथालयं आपापसांत लेखाचे पैसेही घेत नाहीत. एवढं काम इतक्या मुकाट्याने करणारी व्यवस्था क्वचितच सापडते.

ती अडते कुठे? बहुतेक वेळा शिळ्या नोंदींपाशी. एखाद्या ग्रंथालयाने वर्गणी बंद केली पण डॉकलाइनमधली नोंद तशीच ठेवली, की विनंती तिथे जाते, पडून राहते, नकार घेऊन परत फिरते. अशी तीन ठिकाणं लागोपाठ आली तर उशीर ठरलेलाच. दुसरी अडचण परवान्याची: ई-जर्नल ग्रंथालयाकडे असतं, पण प्रकाशकाच्या करारात बाहेर द्यायला मनाई असते. म्हणून वर्गणीचं नूतनीकरण झालं की त्याच आठवड्यात नोंदी आणि परवान्याच्या अटी तपासून घ्याव्यात. विनंती करणाऱ्यानेही लेख केव्हापर्यंत हवा ते लिहावं, आणि ‘तातडीची रुग्णसेवा’ ही खूण खरोखर रुग्ण खोळंबला असेल तेव्हाच करावी. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. डॉक्टरला हवा असलेला मात्रेचा तक्ता पुष्कळदा लेखाच्या पुरवणी फाइलमध्ये असतो आणि पीडीएफमध्ये येत नाही. तो वेगळा मागावा लागतो.

कॉपीराइटचं गणितही डोक्यात हवं. १९७६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, गेल्या ५ वर्षांत प्रसिद्ध झालेल्या अंकांपैकी एकाच नियतकालिकाच्या ५ लेखांपर्यंत प्रती एका कॅलेंडर वर्षात मागवता येतात. सहाव्यासाठी स्वामित्वशुल्क भरायचं किंवा लेख विकत घ्यायचा. हिशेब ठेवायची जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाची. दरवर्षी ही मर्यादा ओलांडली जात असेल, तर त्या नियतकालिकाची वर्गणीच भरावी.

लेख मागवण्याआधी तो सापडायला हवा, आणि इथे ग्रंथपालाची खरी किंमत कळते. पबमेडमध्ये ‘हार्ट अटॅक’ साधं टाइप केलं तर यंत्रणा ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या विषयशीर्षकाशी, म्हणजे लेखांना विषयानुसार लावलेल्या ठरावीक नावाशी, जोडते. अवतरणचिन्हांत टाकलं की ही जोडणी बंद होते आणि पुष्कळ लेख गळतात. उलट, फक्त विषयशीर्षकावर विसंबलं तर ज्यांना अशी शीर्षकं लावलेलीच नसतात ते लेख सुटतात, आणि पबमेडमध्ये असे लेख कमी नाहीत. शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही जोडून शोधणं हाच खात्रीचा मार्ग. शोध सोपवताना रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम पाहायचा, हे चार मुद्दे द्यावेत. ‘मधुमेहावर काहीतरी नवीन’ अशा चिठ्ठीतून कामाचं काही निघत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात झालेल्या १९९२ च्या अभ्यासात सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी सांगितलं होतं की ग्रंथालयाच्या माहितीमुळे रुग्णसेवेतली एखादी तरी गोष्ट त्यांनी बहुधा किंवा नक्कीच वेगळ्या प्रकारे हाताळली. म्हणूनच ज्या रुग्णालयात ग्रंथपालाची जागाच नाही तिथलं चित्र खटकतं. विभागीय कार्यालय प्रशिक्षण देतं, वाट दाखवतं, पण रोजचा शोध तुमच्यासाठी करून देत नाही.

रुग्णांसाठी याच ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस हे आरोग्यमाहितीचं संकेतस्थळ आहे: १९९८ पासून, जाहिरातींशिवाय, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. त्याची खरी ताकद मेडलाइनप्लस कनेक्टमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या संगणकीय नोंदी या संकेतस्थळाशी जोडणाऱ्या सेवेत, आहे. रुग्णाच्या नोंदीतला निदानाचा कोड, समजा ‘ई ११.९’, पाठवला की टाइप २ मधुमेहाचं साध्या भाषेतलं पान रुग्णाच्या पोर्टलवर येतं. सेवा मोफत आहे, नोंदणी लागत नाही. एका आयपी पत्त्यावरून मिनिटाला १०० विनंत्यांची मर्यादा तेवढी आहे. चुका जोडणीत होतात. प्रयोगशाळेने चाचण्यांना आपले स्थानिक कोड दिले असतील तर काहीच जुळत नाही. तिथे लॉइंक, म्हणजे चाचण्यांसाठीचे प्रमाणित कोडच हवेत. आणि भाषेची सूचना पाठवली नाही तर उत्तर इंग्रजीतच येतं, मग रुग्ण फक्त स्पॅनिश वाचणारा असला तरी. एका ओळीची सुधारणा आहे ही, पण ती राहून गेली तर ज्याला माहितीची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो.

सार्वजनिक ग्रंथालयंही या जाळ्यात सदस्य आहेत, आणि ही बाजू आम्हाला मनापासून आवडते. त्यांच्या कर्मचाऱ्यांना ग्राहक-आरोग्य माहितीचं विशेष प्रशिक्षण घेता येतं. पहिल्या पातळीला १२ तासांचे अभ्यासक्रम लागतात आणि ते या जाळ्यामार्फत मोफत मिळतात. असा प्रशिक्षित माणूस अहवालाचा अर्थ लावत नाही, औषध सुचवत नाही. तो रुग्णाकडून निदानाचं नेमकं स्पेलिंग लिहून घेतो, माहितीचं पान शेवटचं कधी तपासलं गेलं ती तारीख दाखवतो, ते छापून देतो आणि डॉक्टरला विचारायचे प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहायला सांगतो.