स्टिकरखालची तारीख: पहिलं पिस्तूल घेताना मी कसा फसलो

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनं व्हीएमसी आणि कोपऱ्यात दिवसभर धडधडणारा कॉम्प्रेसर. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीची टेस्ट कधी झाली आणि पुढची कधी आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल, या माणसाला साधी तारीख बघता आली नाही? आली असती. बघितली नाही, एवढंच.

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा शॉपमधली मशीनं बंद करून आम्ही सहा जण एका मोबाईलवर वाकलो होतो. माझं आजोळ राधानगरी तालुक्यातलं. त्याची कांबळवाडी तिकडचीच. रेल्वेत तिकीट तपासणारा आपल्याकडचा पोरगा ऑलिंपिकच्या स्टँडवर उभा राहतो म्हटल्यावर शेचाळिसाव्या वर्षी माझ्याही हाताला खाज सुटली. रायफलला जॅकेट, ट्राउझर, बूट असा वेगळा खर्च असतो हे चौकशीत कळलं. पिस्तुलाला तेवढं लागत नाही. एक हात, एक हवेवर चालणारं पिस्तूल, दहा मीटर. म्हटलं, हे आपल्याला जमेल.

घरापासून पंधरा मिनिटांवर एक अकादमी सापडली. एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर सहा लेन, भिंतीवर मेडलांचे फोटो, आणि 'सर'. वय असेल तिशीच्या पुढे, बोलणं एकदम गोड. पहिल्याच दिवशी मला 'साहेब' म्हणाले आणि अर्धा तास नुसतं पिस्तूल धरून पांढऱ्या भिंतीकडे बघायला लावलं. होल्डिंग म्हणतात त्याला. छर्रा नाही, टार्गेट नाही, फक्त पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध ठेवायची. खांदा भरून आला, पण मजा आली. शिकवायला माणूस चांगला होता, हे आजही म्हणतो. वाईट शिकवत असते तर मी महिन्याभरात सोडून गेलो असतो आणि वाचलो असतो.

तिसऱ्या आठवड्यात पहिली कुजबूज झाली. "साहेब, तुमचा होल्ड सेट होतोय, पण क्लबच्या पिस्तुलावर ग्रिप बसत नाही. रोज दहा हात त्याला लागतात." यात खोटं काही नव्हतं, गंमत तीच. एअर पिस्तुलाची लाकडी ग्रिप हाताच्या मापाची असते. स्मॉल, मीडियम, लार्ज, डावी, उजवी. खाली तळव्याला टेकणारी पट्टी असते, ती वरखाली करून घट्ट करतात, आणि नेमकं बसावं म्हणून लोक कानशीने लाकूड घासतात, कमी पडेल तिथे पुट्टी भरतात. पण हे सगळं करण्याआधी चार-सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर काढले तरी काही बिघडत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सांगायचं ज्याने, तोच विकणार होता.

दिवाळीनंतर सर म्हणाले, एक नॅशनल खेळलेली मुलगी लग्न करून परदेशात चाललीय, तिचं पिस्तूल निघालंय. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीचं एलपी10. "दोनच वर्षं वापरलंय. नवीन घ्यायला जाल तर दोन लाखांच्या पुढे. मी तुमच्यासाठी एक तीसला थांबवून ठेवलंय." सोबत हवेची दोन सिलिंडर आणि पेटी. लायसन्सचं काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी बरोबर उत्तर दिलं: 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. एक उत्तर बरोबर आलं की माणूस पुढची दहा विचारत नाही. मी बिलाबद्दल विचारलंच नाही असं नाही, विचारलं. "खेळाडूकडून खेळाडूला जातंय साहेब, यात बिल कसलं?"

मग ट्रायल. हा भाग नीट वाचा. सरांनी मला लेनवर बसवलं, हाताखाली वाळूची पिशवी दिली आणि पाच छर्रे मारायला सांगितले. पाचही छर्रे एकाच भोकात. टार्गेटची यंत्रातली दोरी ओढली, कागद जवळ आला, ते भोक बघून माझा श्वासच अडकला. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं, आणि माझं भोक त्याच्या आत. आता कळतं की टेकवून मारलं तर कुठलंही बरं पिस्तूल एका भोकात मारतं. तो पिस्तुलाचा गुण असतो, त्याच्या वयाचा पुरावा नसतो. शिवाय ट्रिगर इतका मऊ होता की बोट लावताच सुटायचा. क्लबच्या पिस्तुलापुढे लोण्यासारखा. "नॅशनल ट्यूनिंग आहे," सर म्हणाले.

सत्तर हजार रोख दिले. साठ हजार गुगल पेने, सरांनी सांगितलेल्या नंबरवर. स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं आलं. "तिची मावशी आहे, तिचंच खातं वापरतात." बायको शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "अहो, मावशीचं नाव विचारा तरी." मी म्हटलं, सरांवर संशय कसा घ्यायचा?

सिलिंडरविषयी दोन शब्द सांगतो, कारण माझी सगळी फसवणूक त्यातच होती. हे पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालतं. नळीखाली हाताच्या बोटापेक्षा थोडं जाड, वीतभर लांब नळकांडं लावतात. त्यात 200 बारपर्यंत हवा भरतात आणि टोकाला बारीक गेज असतो. गाडीच्या चाकात साधारण सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून या सिलिंडरवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. कंपनी दहा वर्षांचं आयुष्य देते. त्यानंतर ते बाद. आंतरराष्ट्रीय नियमातही मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही खेळाडूचीच जबाबदारी आहे. माझ्या दोन्ही सिलिंडरवर, बरोबर त्या कोरीव आकड्यांवर, अकादमीचं निळं गोल स्टिकर चिकटवलेलं होतं. मला ते स्टिकर आवडलं होतं. आपण कुठल्यातरी संघाचे झालो असं वाटलं होतं.

डिसेंबरात एक सिलिंडर उतरायला लागलं. रविवारी 200 ला भरलं की गुरुवारी काटा 140 वर. सर म्हणाले, थंडी पडलीय, हवा आकसते. अहो, मी रोज हवेशी खेळणारा माणूस! तीस अंशांवरून वीसवर आलं तर 200 बारचे फार तर 193 होतात. साठ बार थंडीने कुठे जातील? त्या रात्री शॉपमध्ये साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर लावलं, तर मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून येत होते. इतकं दिसूनही मी सरांना जाऊन काय म्हटलं? "सर, ओरिंग बदलून द्याल का?" ओरिंग म्हणजे सांध्यातली रबरी रिंग. त्यांनी बदलून दिली. चारशे रुपये घेतले. भरायचे दर वेळी शंभर वेगळे. गळकं सिलिंडर त्यांना दर आठवड्याला कमवून देत होतं, हेही मला नंतर सुचलं.

त्याच सुमारास .22 चा, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या पिस्तुलाचा विषय निघाला. "पुढच्या वर्षी फायर आर्मला जाऊ, लायसन्सची फाईल मी लावतो," म्हणून पंधरा हजार घेतले. खरं तर हे काम आपल्या इथे पोलीस आयुक्तालयात होतं, अर्ज आपल्या नावाने, आपल्या सहीने जातो, चौकशीला हवालदार आपल्या दारात येतो. माझ्याकडून एकाही कागदावर सही घेतली नव्हती. सहीशिवाय कुठली फाईल लागते, हे मला विचारावंसं वाटलं नाही. बरं, 'ओळखीने लवकर होईल' हे ऐकायला मलाही गोड लागलं होतं. तेवढा दोष माझा.

फेब्रुवारीत एका खुल्या स्पर्धेत नाव दिलं. साठ छर्रे, पंच्याहत्तर मिनिटं. सरावात मी 600 पैकी 490 च्या आसपास होतो, पाचशे पार करायचे एवढीच हौस. सर आदल्या दिवशी म्हणाले, कशाला घाई, अजून तयारी नाही तुमची. मला वाटलं, माझ्या स्कोअरची काळजी करतायत.

स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोल, म्हणजे सामानाची तपासणी असते. टेबलामागे एक वयस्कर गृहस्थ बसले होते, गळ्यात चष्म्याची दोरी. पिस्तूल तराजूवर ठेवलं, दीड किलोच्या आत आहे, ठीक. मग पिस्तुलाची नळी आकाशाकडे करून ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवलं आणि उचलायला लागले. वजन टेबलावरून सुटायच्या आधीच 'टक्'. पुन्हा केलं. टक्. तिसऱ्यांदा टक्. तेच लोणी. ट्रिगरने पाचशे ग्रॅम पेललेच पाहिजेत असा नियम आहे. "स्क्रू फिरवून आणा," ते म्हणाले, आणि सहज सिलिंडर हातात घेऊन अंगठ्याने स्टिकर चाचपलं. नखाने कडा उचलली. अर्धं स्टिकर निघालं, खाली चिकट काळपट डिंक. त्यांनी चष्मा लावला.

"हे 2010 चं आहे हो."

दुसरं 2012 चं निघालं. मागे रांगेत बारा-तेरा वर्षांची मुलं उभी होती, हातात आपापल्या पेट्या. ते गृहस्थ चिडले नाहीत. हळू आवाजात एवढंच म्हणाले की हे पुन्हा भरू नका, गालापासून लांब असलं तरी हात तिथेच असतो. मी स्पर्धा खेळलो नाही. पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ बसून राहिलो.

नंतरचं थोडक्यात. पिस्तुलाच्या बॉडीवर नंबर असतो. त्याचा फोटो काढून एका विक्रेत्याला पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं की हा माल 2011 मध्ये विकलेला आहे. परदेशात चाललेली मुलगी, तिची मावशी, सगळं हवेतलं. बाहेरच्या एका रेंजवर जुन्या शूटरांशी बोलता बोलता मूळ मालकाचा पत्ता लागला. निवृत्त माणूस, नाव सांगत नाही. त्यांनी ते पिस्तूल सरांना पंचावन्न हजारांना दिलं होतं. "सिलिंडर बाद झालीत म्हणून तर एवढ्यात दिलं, तसं मी त्यांना सांगितलंही होतं." म्हणजे स्टिकर चुकून त्या जागी लागलेलं नव्हतं.

सरांना भेटायला गेलो तेव्हा शिकवणी चालू होती. मुलांसमोर आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो, चढलाच. ते शांतपणे म्हणाले, "मी फक्त मधला माणूस आहे साहेब. तुम्ही ट्रायल घेतली होती ना?" घेतली होती. तेच त्यांचं संरक्षण होतं. पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला. तिथे सांगण्यात आलं की हा देण्याघेण्याचा वाद दिसतो. ग्राहक आयोगात जावं तर बिल नाही, रोख रकमेची पावती नाही, आणि साठ हजार गेले ते तिसऱ्याच्याच खात्यात. वकिलाने विचारलं, लिहिलेलं काही आहे का? एकच गोष्ट होती, व्हॉट्सॲपवरचा त्यांचा व्हॉइस मेसेज: "दोनच वर्षं वापरलंय, सिलिंडर एकदम फ्रेश." अकरा सेकंदांचा. त्यावर नोटीस गेली आणि दोन हप्त्यांत पंचेचाळीस हजार परत आले. लायसन्सचे पंधरा गेले ते गेलेच. तेव्हा फोनवरच्या गोड गोष्टी डिलीट करू नका.

पिस्तूल मुळात वाईट नाही, जास्त चीड त्याची येते. खरं वय सांगून, सिलिंडर बाद आहेत म्हणून साठला दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं आणि सरांना पेढे दिले असते. आता नवीन सिलिंडर बिलासकट घेतलंय, मुदत दुकानातच भिंग लावून वाचली. दुकानदार हसला, हसू दे. ट्रिगर 510 ग्रॅमवर ठेवलाय. ग्रिपही माझ्या हाताला लार्ज होती, इतके दिवस पुट्टी भरून भागवत होतो. ती बदलायची आहे. सराव दुसरीकडे करतो. तिथले प्रशिक्षक काही विकत नाहीत. पिस्तूल कुठलं घेऊ विचारलं की म्हणतात, आधी क्लबचं वापरा.

जुनी दोन सिलिंडर शॉपमध्ये आणली, हवा पूर्ण सोडली, व्हॉल्व्ह काढले आणि बँडसॉवर लावून प्रत्येकी चार तुकडे केले. हेल्परला वाटलं जॉब आलाय.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तुमच्याकडे स्टायरची जुनी सिलिंडर पडून आहेत असं कळलं, पाच हजारांना दोन्ही घेतो. मी म्हटलं, मुदत संपलेली आहेत. तो म्हणाला, माहितीय. मी म्हटलं, तुकडे करून भंगारात टाकली.

"अरे अरे," तो म्हणाला, "गिऱ्हाईक ठरलेलं होतं हो माझ्याकडे."